पडणे गृहीत धरणारी सवय

आरोग्याच्या सवयींबद्दल आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुतेक निश्चयाबद्दल असते. पाडव्याला किंवा वाढदिवसाला माणूस ठरवतो, उद्यापासून पहाटे उठायचे, साखर बंद, रोज चालायला जायचे. दोन-तीन आठवडे जातात. मग घरात लग्न निघते, ताप येतो, कारखान्यात रात्रपाळी लागते आणि ठरवलेले मोडते. ते मोडले की ठपका मनाच्या कमकुवतपणावर येतो. मला हा ठपका बहुतेक वेळा चुकीचा वाटतो. सवय मोडते ती रचनेतल्या उणिवेमुळे, आणि सर्वांत मोठी उणीव ही की आपण सवय आखताना आजारपण, थकवा, पाहुणे, कामाची पाळी यांचा हिशेबच धरत नाही. हे विवेचन बडोद्याच्या आधाराने करायचे कारण साधे आहे. शरीर घडवण्याचा विचार या शहरात मराठी माणसांनी शंभराहून अधिक वर्षे नेटाने केला, आणि त्यातला एक धडा आपण विसरलो आहोत.

आखाड्याची रचना

बडोद्याच्या दांडिया बाजार भागातले जुम्मादादा व्यायाम मंदिर हे नाव जुन्या मराठी घरांना सांगावे लागत नाही. जुम्मादादा हे मुसलमान उस्ताद. त्यांचे मराठी शिष्य प्रोफेसर माणिकराव यांनी गुरूच्या नावानेच हा आखाडा वाढवला आणि पुढे बडोदे सरकारने त्यांना ‘राजरत्न’ ही पदवी दिली. माणिकरावांनी कुस्ती, मल्लखांब, लाठी, लेझीम यांबरोबर सांघिक कवायत बसवली आणि तिच्या आज्ञा इंग्रजीऐवजी आपल्या भाषांत दिल्या. याच शहरातून 1936 पासून दत्तात्रेय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांच्या संपादनाखाली मराठी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड निघाले. एका संस्थानी शहरात व्यायामावर दहा खंड लिहिले जातात, छापले जातात, विकत घेतले जातात, यावरून तिथल्या हवेचा अंदाज यावा.

आखाड्यात मुलगा येतो तेव्हा काय घडते ते जवळून पाहिले पाहिजे. तो अंगावरचे कपडे उतरवून लंगोट कसतो. पायाखाली माती येते, नाकात तेलाचा आणि मातीचा वास येतो. जोर आधी, बैठका नंतर, मग मल्लखांब किंवा जोडी. क्रम ठरलेला असतो. शेजारी तेच करणारी दहा मुले असतात आणि पाठीमागे वस्तादांची नजर असते. आज व्यायाम करावा की नाही, किती करावा, कोणता करावा, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या मुलाला रोज नव्याने द्यावे लागत नाही. त्याच्या इच्छाशक्तीचे काम आखाड्याच्या दारापर्यंत येण्यात संपते. त्यापुढचे काम जागा, क्रम आणि सोबत करतात.

इथवरचे बहुतेकांना ठाऊक असते. विसरलेला धडा पुढे आहे. माणिकराव नावाजलेले अस्थिवैद्य होते. निखळलेला सांधा बसवणे, मुरगळलेला पाय चोळणे, मोडलेले हाड बांधणे ही कामे ते व्यायामशिक्षकाच्या कामाइतक्याच निष्ठेने करत. जिथे शरीर घडवायचे तिथेच मोडलेले शरीर सांधायचे, ही जुन्या आखाड्यांची परंपराच होती. मल्लखांबावर चढणारा मुलगा कधीतरी पडणार हे तिथे धरून चाललेले असे. पडलेल्याला परत मातीत आणण्याची वाट त्याच छताखाली तयार असे. पडल्याबद्दल त्याला कोणी दुबळा म्हणत नसे.

आपल्या घरगुती निश्चयांत ही वाट नसते. सोमवार ते रविवार रोज पाऊण तास चालायचे, असा बेत असतो. गुडघा दुखला तर काय करायचे ते त्यात लिहिलेले नसते.

जुम्मादादांच्या याच आखाड्यात 1907 ते 1910 या काळात जगन्नाथ गणेश गुणे नावाचा तरुण शिकत होता. त्याचा जन्म बडोद्याजवळच्या डभोईचा, 1883 चा. पुढे नर्मदेकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजींकडे तो योग शिकला आणि स्वामी कुवलयानंद झाला. 1920-21 मध्ये त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयातल्या प्रयोगशाळेत आपल्या विद्यार्थ्यांच्या मदतीने उड्डियान बंध आणि नौली यांचे शरीरावर काय परिणाम होतात हे तपासले. 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभे राहिले ते याच वृत्तीतून. गुरूवर श्रद्धा पूर्ण, तरीही शरीरात प्रत्यक्ष काय घडते ते यंत्राने मोजून पाहायचे, ही ती वृत्ती. घरच्या रक्तदाबयंत्राकडे आणि ग्लुकोमीटरकडे आपण याच नजरेने पाहायला हवे. आकडा आला की आपल्याला पास-नापास केले असे वाटून अनेक जण मोजणेच सोडतात. आकडा हा निकाल नसतो. काल केलेल्या बदलाला शरीराने दिलेले ते उत्तर असते.

सवय रुजते कशी

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा 2010 चा अभ्यास या विषयात पुन्हापुन्हा सांगितला जातो. 96 जणांनी खाण्यापिण्याची किंवा हालचालीची एकेक नवी गोष्ट निवडली आणि रोज एकाच प्रसंगाला जोडून ती बारा आठवडे केली. ती विचार न करता घडू लागण्यास मध्यम माणसाला 66 दिवस लागले. 21 दिवसांत सवय लागते असे जे सांगितले जाते त्याला यात आधार नाही. त्याहून महत्त्वाचे हे की माणसामाणसांतले अंतर 18 दिवसांपासून 254 दिवसांपर्यंत होते (बारा आठवड्यांपुढचे आकडे गणिताने अंदाजलेले). पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर बसली, व्यायामाला जास्त वेळ लागला. आणखी एक निष्कर्ष मला सर्वांत मोलाचा वाटतो. मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय रुजण्याच्या गतीवर म्हणावा असा फरक पडला नाही.

म्हणजे एक खाडा सवयीला फारसा मोडत नाही, त्या खाड्यानंतर मनात जे चालते ते तिला मोडते. व्यसनमुक्तीवर काम करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लेट यांनी हे नीट उकलून दाखवले. एकदा घसरलेला माणूस ‘आता मोडलेच आहे, मग कशाला’ असे म्हणतो आणि एका घसरणीचे रूपांतर व्यसनाकडे पूर्ण परतण्यात होते. मधुमेह असलेल्या माणसाने लग्नात जिलेबी खाल्ली तर त्या एका जिलेबीने जेवढे बिघडते त्याहून जास्त, ‘आज पथ्य गेलेच’ म्हणून रात्री घेतलेल्या श्रीखंडाने बिघडते.

आपल्या परंपरेला हे नवे नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अंगवळणी पडलेली अहितकर गोष्ट एकदम न सोडता चतुर्थांशाने कमी करत जावी आणि हितकर गोष्ट त्याच प्रमाणात वाढवावी, असा क्रम दिला आहे. एकदम सोडल्याने उपद्रव होतो, कारण शरीराला वाईटाचीही सवय झालेली असते. चहात दोन चमचे साखर घेणाऱ्याने उद्यापासून बिनसाखरेचा चहा घेण्यापेक्षा दीड, एक, अर्धा असे उतरणे या शास्त्राला धरून आहे. जिभेलाही तेवढा अवधी मिळतो, आणि काही आठवड्यांनी जुना चहा खरोखरच फार गोड लागतो.

बडोद्याचे ताट आणि बडोद्याची पाळी

बडोद्याच्या मराठी घरातले ताट दोन प्रांतांचे मिळून झालेले आहे. आमटीत गूळ थोडा सढळ पडतो, सकाळी पोह्यांवर शेव येते, संध्याकाळी शेव-उसळ किंवा लिलो चिवडा आणि डब्यात भाकरवडी असते. हे सगळे आपल्या आनंदाचे भाग आहेत. ते ताटातून हद्दपार करा असे सांगणारा सल्ला आठवडाभरही टिकणार नाही, आणि टिकू नये. पण हिशेब करावा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. पोळीच्या कणकेत, भाजीत, आमटीत मिळून त्याचा मोठा भाग संपलेला असतो. पापड, लोणचे आणि मूठभर फरसाण त्यावर चढते.

हा हिशेब आपल्यासाठी अधिक कडक का, याचे उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामात आहे. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ मध्ये त्यांनी ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांच्यासह आपले दोघांचे फोटो छापले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच होता, पण याज्ञिकांच्या शरीरात चरबीचे प्रमाण युडकिन यांच्या दुपटीहून जास्त होते. अंगाने सडपातळ दिसणारा भारतीय माणूस पोटाच्या आत चरबी बाळगून असतो आणि मधुमेह त्याला कमी वजनातच गाठतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या ‘इंडियाब’ पाहणीने 2023 मध्ये देशात 10.1 कोटी मधुमेही आणि 13.6 कोटी पूर्वमधुमेही असल्याचा अंदाज दिला. ‘मी जाड कुठे आहे’ हे वाक्य म्हणूनच धोक्याचे आहे. वजनकाट्याबरोबर कमरेला टेपही लावावी.

आता रचनेचा विचार स्वयंपाकघरात नेऊ. फरसाणाचा डबा जेवणाच्या टेबलावर असेल तर दिवसातून कितीतरी वेळा हात आपोआप जातो, आणि प्रत्येक वेळी हात आवरणे हे मनाचे काम होऊन बसते. तोच डबा वरच्या फळीवर, मागच्या बाजूला ठेवला आणि खायचे तेव्हा वाटीत काढून घेतले, तर मनाला फक्त फळीपर्यंत जाण्याचा प्रश्न उरतो. टेबलावर काकडी, भाजलेले चणे, शेंगदाणे ठेवावेत. हा बदल घरात एकट्याने करता येत नाही. डबा हलवण्यावर सासू, सून, मुले सगळ्यांचे एकमत लागते, आणि पुष्कळ घरांत पथ्य हरते ते इथेच.

सयाजीराव महाराजांच्या बडोद्याने सार्वजनिक पातळीवर हेच केले होते. शहराला पाणी देणारा आजवा तलाव 1892 मध्ये पुरा झाला. दूरच्या तलावाचे पाणी नळाने घराघरांपाशी येऊ लागले आणि चांगले पाणी पिण्यासाठी माणसाला रोज वेगळा निश्चय करावा लागला नाही. आरोग्याचे सर्वांत टिकाऊ बदल या जातीचे असतात.

मात्र एका वर्गाला सवयीचे नेहमीचे नियम लागू पडत नाहीत, आणि बडोद्यात हा वर्ग मोठा आहे. कोयलीची रिफायनरी 1965 मध्ये सुरू झाली. तिच्या आसपास खत आणि पेट्रोकेमिकलचे कारखाने उभे राहिले. फर्स्ट, सेकंड आणि नाइट अशा पाळ्यांत कित्येक पिढ्यांचे आयुष्य गेले. रोज पहाटे साडेपाचला उठा, असे नाइट करून सकाळी आठला घरी येणाऱ्या माणसाला कसे सांगायचे? शरीरातले घड्याळ प्रकाशावर चालते. रात्री जागून, उजेडात झोपून, अवेळी जेवून ते घड्याळ आणि पचन यांची फारकत होते. रात्रपाळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये कर्करोगाच्या संभाव्य कारणांत घातले आणि 2019 मध्ये तो निष्कर्ष कायम ठेवला. मधुमेह आणि हृदयविकाराशीही तिचा संबंध दिसला आहे.

पाळीच्या माणसाने सवय घड्याळाला न बांधता प्रसंगाला बांधावी. कोणतीही पाळी असो, घरी येणे, आंघोळ, मुख्य जेवण आणि झोप हे चार प्रसंग येतातच. मुख्य जेवणानंतर दहा मिनिटे चालणे दुपारी दोनलाही जमते आणि रात्री नऊलाही. या चालण्याचा फायदा लगेच होतो, कारण आकुंचन पावणारे स्नायू रक्तातली साखर इन्शुलिनची फारशी वाट न पाहता ओढून घेतात. आंघोळीच्या आधी जोर-बैठका. झोपायच्या खोलीला जाड पडदा आणि दाराशी घरच्यांनी पाळलेली शांतता. पाळीच्या शेवटच्या तासांत घेतलेला कडक चहा मात्र सोडावा, कारण त्यातले कॅफिन निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात आणि दिवसाची झोप आधीच पातळ असते.

आजारातली मात्रा

बडोद्याच्या कमाटीबागेतल्या संग्रहालयात गामा पैलवानाने 1902 साली उचलल्याचे सांगितले जाते तो सुमारे 1200 किलोचा दगड ठेवला आहे. लोक त्यासमोर थबकतात. पराक्रम पाहायला मन ओढ घेते, पण सवयीचे मोजमाप वेगळे असते. बरे नसलेल्या दिवशी तुमच्याकडून काय घडते, यावर ती जोखावी.

खुद्द सयाजीराव आयुष्यभर प्रकृतीशी झगडले. झोप न येणे, मज्जातंतूंचा थकवा, पुढे गाउट. 1887 मध्ये ते पहिल्यांदा युरोपात गेले ते प्रकृतीच्या कारणानेच, आणि नंतरही त्यासाठी वारंवार गेले. तरी सक्तीचे शिक्षण, ग्रंथालये, बालविवाहाविरुद्धचा कायदा ही कामे त्याच काळात झाली. पूर्ण बरे वाटेपर्यंत ते थांबले असते तर यातले बरेच राहून गेले असते. त्यांच्यापाशी राजाची साधने होती, हे खरे. तरी दुखणे संपण्याची वाट न पाहता दुखण्यासह दिवस आखणे सामान्य माणसालाही शक्य आहे.

त्यासाठी प्रत्येक सवयीच्या तीन मात्रा आधीच ठरवून ठेवाव्यात. पूर्ण मात्रा चांगल्या दिवसाची, समजा कमाटीबागेत पाऊण तास चालणे. अर्धी मात्रा थकव्याच्या, पाहुण्यांच्या दिवसाची, सोसायटीत पंधरा मिनिटे. तिसरी चिमूटभर, म्हणजे चप्पल घालून खाली उतरणे आणि परत येणे, किंवा खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठणे. चिमूट वाया जात नाही. किमान दहा मिनिटे सलग केले तरच व्यायाम धरायचा, ही जुनी अट जागतिक आरोग्य संघटनेने 2020 च्या मार्गदर्शनात ठेवली नाही. आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम हे लक्ष्य आहे, पण त्याच्या खालचे काहीही शून्याहून चांगले असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. पूर्ण मात्रेलाही आयुर्वेदाची मर्यादा आहेच. अंगातल्या निम्म्या शक्तीइतकाच व्यायाम करावा आणि उन्हाळ्यात त्याहून कमी. बडोद्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा हा नियम कसोशीने पाळावा. नवरात्रात वर्षभर बसून काढलेले शरीर एकदम नऊ रात्री गरब्यात उतरवण्याऐवजी श्रावणापासून पायांना तयार करावे, तेही याच हिशेबाने.

चिमूटभर मात्रेचे महत्त्व वयस्कांत जिवाशी येऊन ठेपते. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर ठेवले, तर त्यांच्या पायांतले जवळपास 1 किलो स्नायू गेले. आजारी आजोबांना ‘पडून राहा’ म्हणताना, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर, दिवसातून काही वेळा हात धरून त्यांना उभे करावे. मात्र ताप उतरेपर्यंत श्रमाचा व्यायाम नको. छातीत दाब, चालताना अनाठायी धाप, एकाच पोटरीला आलेली सूज यांपैकी काही दिसले तर मात्रांचा विचार बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठावा.

औषधांबाबत दोन चुका फार दिसतात. पहिली, साखर किंवा रक्तदाब आटोक्यात आला म्हणून गोळी बंद करणे. तो ताबा बहुतेक वेळा गोळीनेच आणलेला असतो. दुसरी उलट बाजूची. इन्शुलिन किंवा साखर वेगाने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना उत्साहाने चालणे दुप्पट करणे, नाहीतर कडक एकादशी धरणे. यात साखर धोकादायक खाली जाते, घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस बेशुद्धही पडतो. व्यायाम किंवा उपास वाढवण्याआधी औषधाची मात्रा डॉक्टरांशी बोलून ठरवावी आणि खिशात साखर ठेवावी. उपासाच्या साबुदाण्याबद्दलही भ्रम नको. तो जवळपास निव्वळ पिष्ट आहे आणि साखर झपाट्याने वाढवतो.

मनाच्या आजारात तिन्ही मात्रा लागतात, आणि चिमूट तर सर्वांत जास्त. खिन्नतेत माणसाला आधी वाटले पाहिजे आणि मग करावे, असे वाटत असते. उपचारशास्त्र हा क्रम उलटवते. लहानशी कृती आधी होते, बरे वाटणे तिच्या मागून हळूहळू येते. दात घासणे, खिडकी उघडणे, एकाला फोन करणे. घरच्यांनी ‘मन घट्ट कर’ म्हणणे टाळावे, कारण घट्ट करण्याची ताकदच या आजारात गेलेली असते. त्याऐवजी ‘चल, मी येते तुझ्याबरोबर, कोपऱ्यापर्यंत’ असे म्हणावे. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर माणसाला एकटे सोडू नये. सरकारची टेलीमानस सेवा 14416 या क्रमांकावर ऑक्टोबर 2022 पासून मोफत चालू आहे आणि तिथे मराठीत, गुजरातीत बोलता येते.

आजारानंतर परतण्याचा वेग ठरवणे हे शेवटचे आणि सर्वांत दुर्लक्षित काम. अस्थिवैद्य हात सोडवल्यावर लगेच वजन उचलायला देत नाही. आधी बोटे हलवायला लावतो, मग मनगट, मग कोपर. सवयीकडेही त्याच क्रमाने परतावे. पहिले काही दिवस फक्त चिमूट, तिचा कंटाळा येऊ लागला की अर्धी, आणि दुसऱ्या दिवशी अंग दुखले तर पुन्हा एक पायरी खाली. घरातल्या एकाला हा क्रम आधीच सांगून ठेवावा, म्हणजे आजारातून उठलेल्याने पहिल्याच दिवशी पाऊण तास चालण्याचा हट्ट धरला, तर त्याला थांबवणारे कोणीतरी जवळ असेल.